गळ, नियत आणि हिशेब

पोटासाठी मासे मारणाऱ्या माणसाला नीतीचे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कोळी होडी घेऊन समुद्रात जातो, कातकरी बाई ओढ्याच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा सापळा लावते. त्यांच्या चुली त्यावर पेटतात. हा रिज्कचा मामला आहे आणि रिज्क शोधण्याला कोणताच धर्म नावे ठेवत नाही. प्रश्न उभा राहतो तो तिसऱ्या माणसाबाबत. त्याच्या घरी रविवारचे मटण शिजत असते, खिशात पगार असतो, तरी तो पहाटे उठतो, रॉड आणि रीळ घेतो, कणकेच्या गोळ्या किंवा गांडुळांचा डबा बरोबर घेतो आणि दिवसभर पाण्याकडे बघत बसतो. मासा लागला की त्याचा आनंद गगनात मावत नाही. त्यातही एक आणखी वेगळा प्रकार असतो. तो मासा पकडतो, मोजतो, फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडून देतो. वर सांगतो की, मी माशांचे रक्षण करतो.

हे ऐकून प्रथम हसू येते. ज्याने माशाच्या ओठात लोखंड घातले, तोच त्याचा राखणदार कसा? पण जगात अनेक ठिकाणी समुद्रकिनाऱ्यावर आणि नद्यांवर माशांच्या जतनाचे काम अशाच हौशी लोकांनी केले आहे, आणि ते नाकारता येत नाही. म्हणून हसण्यावारी न नेता हा प्रश्न नीट पाहायला हवा. मौजेसाठी दुखवणारा माणूस जतन करणारा होऊ शकतो काय? आणि होत असेल तर कशाच्या बळावर? प्रेमाच्या, चांगल्या नियतीच्या, की आणखी कशाच्या?

शहापूर आणि मुरबाड या आमच्या तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकी नाही. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला आणि उल्हास वसईच्या खाडीवाटे समुद्राला. मुंबई जे पाणी पिते त्यातला सर्वांत मोठा वाटा भातसा धरणाचा आहे. या नद्यांच्या काठी सुट्टीच्या दिवशी कल्याण, भिवंडी, मुंब्र्याकडचे तरुण मोटारसायकलला रॉड बांधून येतात. त्यांत आपल्या समाजाची मुले पुष्कळ असतात. गावातली मुलेही बांबूच्या काठीला तंगूस बांधून गरी टाकतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सातवीच्या वर्गात एकदा मी या पकडून सोडण्याच्या पद्धतीविषयी सांगत होतो, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, छोड़ना ही था तो पकड़ा क्यों?" वर्ग हसला. पण मला वाटते, या विषयावरचा सगळा वाद त्या मुलाच्या एका वाक्यात आला आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला जागा आहे. पाण्यातली शिकार आणि तिचे अन्न माणसासाठी हलाल आहे. हजच्या एहरामात जमिनीवरची शिकार मना आहे, पण समुद्रातली शिकार तेव्हाही मना नाही. माशाला जिबह करण्याचीही अट नाही. इतकी सवलत दुसऱ्या कोणत्या जिवाबाबत नाही. पण सवलत अन्नासाठी आहे, हे आपण विसरतो. विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहकडे तक्रार करील, याने मला उपयोगासाठी नव्हे तर उगाच मारले असे सांगेल, अशा अर्थाची हदीस आहे. जिवंत प्राण्याला निशाणा बनवून खेळण्यासही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. केवळ करमणुकीची शिकार फुकहांनी नापसंत ठरवली ती याच कारणाने. म्हणजे त्या मुलाचा प्रश्न नवा नाही. खाण्यासाठी पकडले असते तर हरकत नव्हती. खायचे नव्हते, मग दुखवले कशाला?

गंमत अशी की युरोपातही याच प्रश्नावर दोन तट आहेत. इंग्लंड-अमेरिकेत मासा सोडून देणारा सज्जन समजला जातो आणि सगळे घरी नेणारा हावरट. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र प्राणीरक्षणाच्या कायद्यांचा रोख उलटा आहे. तिथे सोडून देण्याच्याच उद्देशाने मासा पकडणे आक्षेपार्ह आहे, कारण प्राण्याला वेदना द्यायची तर तिला सबळ कारण हवे, आणि मौज हे सबळ कारण नव्हे. आमच्या फिकहची भूमिका या दुसऱ्या बाजूच्या जवळ जाते, हे नमूद करण्यासारखे आहे.

माशाला दुखत नाही, त्याचे रक्त थंड असते, अशी एक समजूत पूर्वापार आहे. ती आता टिकत नाही. २००३ साली लिन स्नेडन या ब्रिटिश संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती आणि डोक्यावर इजेची जाणीव घेणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. ओठात दाहक द्रव टोचलेला मासा ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिला आणि खाणे टाळू लागला. माशाची वेदना माणसाच्या वेदनेसारखीच असते काय, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण काहीच होत नाही, असे म्हणून सुटका करून घेण्याचा रस्ता बंद झाला आहे. बेजुबान आहे म्हणून तक्रार नाही, इतकेच.

तेव्हा हौशी माणसाने हे मान्य करूनच पुढचे बोलावे की त्याच्या आनंदाची किंमत मासा देतो. आता दुसरी बाजू पाहू. तो माशाला परत काय देतो?

सर्वांत साधी गोष्ट म्हणजे माहिती. समुद्राच्या पोटात काय चालले आहे हे किनाऱ्यावर बसून कळत नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर १९६२ साली सरकारी शास्त्रज्ञांनी एक योजना सुरू केली. हौशी मच्छीमारांनी शार्क पकडावा, त्याच्या पाठीत क्रमांकाची खूण अडकवावी, जागा आणि तारीख लिहावी आणि तो सोडून द्यावा. पुढे तोच शार्क दुसऱ्या कोणाला सापडला की तो किती दूर गेला, किती वाढला हे कळे. सुरुवातीला शंभराच्या आतच स्वयंसेवक होते, पुढे हजारो झाले. एरवी ज्या ज्ञानासाठी जहाजे आणि कोट्यवधी डॉलर लागले असते, ते सुट्टीच्या दिवशी मौज करणाऱ्यांच्या हातून गोळा झाले.

दुसरी गोष्ट राखण. आपल्या जवळचे उदाहरण मुंबईच्या पवई तलावाचे आहे. हा तलाव १८९१ च्या सुमारास शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला, पण त्याचे पाणी पिण्याच्या कामी फार काळ आले नाही. तिथे गळ टाकणाऱ्यांची संस्था आहे, महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन. तिचे जुने नाव बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन असे होते, यावरूनच तिचे वय कळते. सभासदांनी वर्षानुवर्षे तलावात मत्स्यबीज सोडले, चोरून जाळी टाकणाऱ्यांवर नजर ठेवली, सांडपाणी आणि जलपर्णीविरुद्ध ओरड केली. पिण्याच्या कामाचा न उरलेला तलाव म्हणजे एरवी भराव टाकून इमारती उठवण्याची जागा. पण त्या पाण्यावर कोणाचे तरी मन बसलेले होते.

यावर आक्षेप असा की हे सारे स्वार्थाचे आहे. उद्या पकडायला मासा हवा म्हणून आज त्याला जपायचे. आक्षेप खरा आहे, पण मला तो फार जड वाटत नाही. गिऱ्हाईक परत यावे म्हणून दुकानदार वजन पुरे देतो. त्याचा हेतू शुद्ध नसेल, पण वजन तर पुरे भरले. जड आक्षेप वेगळा आहे. स्वार्थ असो की प्रेम, ते आवडत्या माशापुरतेच असते. जोरात ओढ घेणारा मोठा मासा सर्वांना प्रिय. आमच्या ओढ्यातली मळ्या, शिंगटी, शेताच्या बांधातले मुठे यांच्यासाठी कोणी संस्था काढत नाही. आणि प्रेम आंधळे झाले तर ते काय करते, याची एक हकीकत आपल्या महाराष्ट्रापासूनच सुरू होते. ती थोडी विस्ताराने सांगतो, कारण माझे म्हणणे तिच्यावरच उभे आहे.

महाशीर हा भारतातल्या डोंगरी नद्यांचा मोठा मासा. हिंदुस्थानात आलेले इंग्रज साहेब त्याच्यामागे वेडे होते. १८७३ साली एच. एस. थॉमस या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, त्यात महाशीरला मानाचे स्थान आहे. याच महाशीरची एक जात आपल्या दख्खनची आहे. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून मिळालेल्या माशावरून कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. परांवर निळसर झाक असल्याने तिला निळ्या परांचा महाशीर म्हणतात. दुसरी जात कर्नाटकातल्या कावेरी खोऱ्याची. तिच्या पाठीला उंचवटा असतो, म्हणून तो कुबडा महाशीर. हा प्रचंड वाढतो. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगन कुटुंबातील एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर गळाला लावला होता.

स्वातंत्र्यानंतर धरणे झाली, नद्यांत सुरुंग फुटू लागले आणि महाशीर कमी होऊ लागला. तेव्हा दोन चांगल्या गोष्टी घडल्या. आपल्याकडे मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनच्या महाशीरची कृत्रिम पैदास यशस्वी केली आणि १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावाजवळ त्याचे बीजकेंद्र उभे राहिले. लाखो पिल्ले तयार होऊ लागली आणि देशभर जाऊ लागली. तिकडे बंगलोरात १९७२ मध्ये गळप्रेमींनी वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साऊथ इंडिया ही संस्था काढली. तिने कावेरीचा काही भाग राखायला घेतला, पहारेकरी नेमले, सुरुंगवाल्यांना हटवले. पकडलेला महाशीर सोडलाच पाहिजे, हा नियम झाला. पुढे नदीकाठी गळ टाकणाऱ्यांचे तळ उभे राहिले, परदेशातून लोक येऊ लागले आणि गावातल्या लोकांना वाटाडे आणि राखणदार म्हणून काम मिळाले.

आणि मग नदीत मासे वाढावेत म्हणून लोणावळ्याच्या केंद्रातली पिल्ले कावेरीत सोडण्यात आली. या कामात वाईट हेतू कोणाचा होता? शास्त्रज्ञाचा नव्हता, कंपनीचा नव्हता, हौशी लोकांचा तर मुळीच नव्हता. सर्वांनी चांगल्या मनाने, पदरचे श्रम आणि पैसे घालून हे केले. महाशीर म्हणजे महाशीर, असेच सर्वांना वाटत होते.

परिणाम कळला तो वह्यांमधून. कावेरीवरच्या गळीबोरे येथील तळावर कोण किती तास बसला, कोणता मासा लागला, किती वजनाचा, हे सारे रोज लिहिले जाई. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि जे. रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध केल्या. तेवीस हजारांवर तास आणि सहा हजारांवर मासे. नोंदीत दिसले की माशांची संख्या वाढत गेली. वरवर पाहता हे मोठे यश. पण खोलात गेल्यावर दिसले की वाढला तो निळ्या परांचा पाहुणा, आणि कावेरीचा मूळ रहिवासी कुबडा महाशीर घटत घटत नाहीसा होण्याच्या बेतात आला आहे. २०१८ साली त्याच संशोधकांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. दीडशे वर्षे जगभरच्या शिकाऱ्यांना ठाऊक असलेल्या या माशाची शास्त्रीय ओळखच पक्की झालेली नव्हती. केरळातल्या पांबार नदीतून आधी वर्णन झालेली टॉर रेमादेवी नावाची जात ती हीच, असे ठरले. नाव मिळाले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. ज्याला नाव नाही त्याला यादीत जागा नाही, आणि यादीत नसलेल्याच्या बाजूने बोलायला आधार नाही.

या हकीकतीला आणखी एक वळण आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अर्थाने गळ टाकणे हीदेखील शिकारच, अशी भूमिका घेतली गेली आणि २०१२ च्या सुमारास कावेरी अभयारण्यातले हे तळ बंद झाले. जिवाला वेदना देऊ नये, या दृष्टीने हे बरोबरच झाले. पण काही अभ्यासकांनी लिहिले की गळवाले गेले तेव्हा त्यांच्याबरोबर राखणदारही गेले, आणि नदी पुन्हा सुरुंगवाल्यांना मोकळी झाली. आणि वह्याही तिथेच संपल्या.

आता यातून काय बोध घ्यावा? आपल्या समाजात एक वाक्य वारंवार ऐकू येते, की अमल नियतीवर आहे. ही हदीस सर्वांना पाठ असते. पण तिचा वापर आपण कसा करतो? माझी नियत साफ होती, असे म्हटले की आपण मोकळे. मला वाटते, हा त्या शिकवणुकीचा अपुरा अर्थ आहे. नियतीवर सवाब ठरतो. परिणाम नियतीवर ठरत नाही. ज्याला वैद्यकाचे ज्ञान नाही त्याने उपचार केले आणि रोग्याचे नुकसान झाले तर जबाबदारी त्याची, असेही हदीसमध्ये आले आहे. तिथे त्याच्या नियतीची चौकशी नाही. त्या वैद्याला कदाचित रोग्याची खरोखर दया आली असेल. पण दयेबरोबर इल्म नसेल तर दया घातक ठरते. कावेरीत नेमके हेच झाले.

परंतु या हकीकतीचा उजळ भागही तितकाच महत्त्वाचा आहे. हे नुकसान उघडकीला कोणी आणले? ज्यांनी ते केले, त्यांच्याच जमातीच्या वह्यांनी. गळीबोरेला बसलेला माणूस मौज करत होता, पण तो मासा मोजत होता, लिहीत होता आणि ते लिखाण त्याने झाकून ठेवले नाही. त्याच्या प्रेमाने मासा वाचला नाही, पण त्याच्या हिशेबाने माशाची खरी अवस्था जगाला कळली. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. मौज करणारा माणूस जतन करणारा होऊ शकतो, पण प्रेमामुळे नाही. दोन गोष्टींमुळे. तो स्वतःवर मर्यादा घालून घेतो, आणि तो हिशेब ठेवतो, जो हिशेब वेळ आली तर त्याच्याच विरुद्ध साक्ष देईल. या दोन गोष्टी नसतील तर मासा सोडून देणे म्हणजे फोटोपुरती मेहरबानी आहे. आणि ज्या मुलाने मला प्रश्न विचारला त्यालाही उत्तर हेच. नुसते सोडायचे असेल तर पकडू नये. पकडून जे कळले ते लिहायचे असेल, आणि त्याने पुढच्या माशांचे भले होणार असेल, तर विचार करता येईल.

हे सारे दूरच्या कावेरीचे झाले. आपल्या दारात काय आहे?

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की आमच्याकडे वलगणीचे मासे चढतात. ओढे, नाले, भाताची खाचरे पाण्याने एक होतात आणि नदीतले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहात वर येतात. तेव्हा सारे गाव कंदील आणि बॅटऱ्या घेऊन बाहेर पडते. पोटात अंडी असलेला मासा चवीला चांगला, असे जुने लोक सांगतात. समुद्रात याच दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, कारण हाच प्रजननाचा काळ. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पन्नासांहून अधिक जातींच्या समुद्री माशांसाठी किमान आकारही ठरवून दिला, म्हणजे पिल्ले मारली जाऊ नयेत. पण डोंगराकडच्या आमच्या ओढ्यांवर असा काही नियम आहे असे कोणाला जाणवत नाही. समुद्राचा मासा अंडी घालतो तेव्हा आपण थांबतो आणि नदीचा मासा अंडी घालायला निघतो तेव्हा आपण त्याच्या वाटेवर उभे राहतो.

कुरआन वाचणाऱ्याला इथे एक कथा आठवल्याशिवाय राहत नाही. सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची हकीकत आहे. त्या लोकांना शनिवारी मासेमारी मना होती. आणि मासे नेमके शनिवारीच पाण्यावर उघड येत, इतर दिवशी येत नसत. ही त्यांची परीक्षा होती. तफसीरकार सांगतात की लोकांनी युक्ती काढली. शुक्रवारी जाळी लावून ठेवायची आणि रविवारी काढायची. शनिवारी तर आम्ही हातही लावला नाही! वस्तीत तीन प्रकारचे लोक होते. युक्ती करणारे, त्यांना रोखणारे, आणि तिसरे, जे रोखणाऱ्यांना म्हणत की यांना कशाला उपदेश करता. रोखणारे वाचले, जुलूम करणाऱ्यांवर अजाब आला. तिसऱ्यांचे काय झाले, हे कुरआनात स्पष्ट सांगितलेले नाही, आणि त्यावर तफसीरकारांत मतभेद आहेत.

ही कथा मी वर्गात अनेकदा शिकवली आहे. बनी इस्राईलच्या एका वस्तीची जुनी गोष्ट म्हणून मुले ती ऐकतात. पण मासा जेव्हा सर्वांत जास्त आणि सर्वांत सोपा मिळतो, तेव्हाच हात आवरणे, हा तिचा गाभा जूनच्या पहिल्या पावसाला पुरेपूर लागू पडतो.

इथे एक इन्साफाची गोष्ट विसरता कामा नये. कातकरी किंवा ठाकर कुटुंबाला पावसाच्या सुरुवातीला हाताला काम नसते आणि घरात धान्य सरलेले असते. त्यांच्यासाठी वलगण म्हणजे अन्न आहे. त्यांच्या सापळ्याकडे बोट दाखवणे हा जुलूम होईल. पिढ्यान्पिढ्या ते हेच करत आले आणि नदी रिकामी झाली नाही. नदी रिकामी होऊ लागली ती धरणे आणि बंधाऱ्यांनी माशांची वाट अडवल्यावर, नायलॉनची बारीक जाळी आल्यावर, पोती भरून मासे बाजारात नेण्याजोगे रस्ते झाल्यावर, आणि डोहात ब्लीचिंग पावडर टाकण्याची आणि सुरुंग लावण्याची लत लागल्यावर. विष आणि सुरुंगाने मासे मारणे तर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. तेव्हा मर्यादा आधी त्याने पाळावी ज्याच्या घरी दुसरे जेवण आहे. म्हणजे पगारदाराने, दुकानदाराने, मोटारसायकलवरून मौजेला येणाऱ्याने. माझ्या-तुमच्यासारख्याने.

मर्यादा पाळण्याचे उदाहरणही लांब शोधायला नको. शेजारच्या वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे गावात तिळसेश्वराचे मंदिर आहे. तिथल्या डोहातल्या महाशीरांना कोणी हात लावत नाही. ते देवाचे मासे. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहातही हीच रीत आहे. त्या श्रद्धेशी आपला अकीदा जुळत नाही, जुळण्याची गरजही नाही. पण एका डोहापुरती का होईना, लोकांनी आपल्या हाताला लगाम घातला आणि तो पिढ्यान्पिढ्या टिकवला, हे सत्य आहे. आपण तर साऱ्या सृष्टीला अमानत मानतो. मग आपला एखादा डोह, आपले एखादे पावसाळी दोन महिने, अमानत म्हणून राखलेले दाखवता यायला हवेत.

म्हणून हौशी तरुणांना माझे सांगणे थोडके आहे. जून-जुलैत गळ आणि जाळे घरी ठेवावे. एरवी खाण्यापुरता मासा घ्यावा आणि तो घेताना लाजू नये, तो हलाल आहे. लहान पिल्लू किंवा अंडी भरलेली मादी लागली तर हात ओले करून, काटा हलकेच काढून, लगेच पाण्यात सोडावी. फोटोसाठी तिला हवेत तडफडत ठेवू नये. बिनअडीचा गळ वापरावा, म्हणजे जखम लहान होते. आणि एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात कधीही नेऊन सोडू नये, कितीही पुण्याचे काम वाटले तरी. आफ्रिकन मांगूर हा हावरा मासा अशाच मार्गांनी आपल्या नद्यांत शिरला. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला पुन्हा कडक आदेश द्यावे लागले. तरी तो नदीतून गेला नाही. पाण्यात सोडलेली चूक जाळ्याने परत काढता येत नाही.

आणि शेवटचे, वही ठेवावी. तारीख, जागा, माशाचे नाव, लांबी, पोटात अंडी होती की नाही. इतके पाच रकाने पुरेत. नावे माहीत नसतील तर पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावीत. ते ज्ञान त्यांच्याजवळ आहे आणि त्यांच्याबरोबर चालले आहे. शाळांनाही हे करता येईल. उर्दू शाळेतल्या मुलाने भातसा-काळूच्या माशांची मराठी, कातकरी आणि उर्दू नावे एका वहीत लिहिली, तर विज्ञान, भाषा आणि शेजारधर्म यांचे तीन धडे एकदम होतील. दहा वर्षांनी कोणी विचारले की या ओढ्यात पूर्वी काय होते, तर उत्तर देण्यासाठी कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

कयामतच्या दिवशी हिशेब होणार, यावर आपला ईमान आहे. तो हिशेब दुसरा कोणी आपल्यासाठी लिहीत असतो, एवढ्याने आपण निर्धास्त असतो. पण ज्याला हिशेबाची खरी धास्ती आहे त्याने दुनियेतच आपली वही उघडावी, असे मला वाटते. नदीच्या बाबतीत तर तिसऱ्या गटात बसण्याची सोय आपल्याला नाही. गप्प राहणाऱ्यांचे काय होते, हे त्या समुद्रकाठच्या वस्तीच्या कथेत सांगितलेले नाही. आपल्या नद्यांच्या बाबतीत ते आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे.